वाचनालयात ऑनलाइनचं टेबल मांडताना : कोकणातल्या नव्या कार्यकर्त्यांसाठी

वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर नव्यानं आलात, किंवा ग्रंथपाल म्हणून नुकतेच रुजू झालात, की महिन्या-दोन महिन्यांत कुणीतरी विचारतंच, "आपल्याकडे कॉम्प्युटर कधी येणार?" मग देणगीदार शोधायची धावपळ सुरू होते. माझं सांगणं एवढंच आहे, की कॉम्प्युटर सगळ्यात शेवटी आणा. वेंगुर्ले तालुक्यातल्या आमच्या छोट्या वाचनालयात आम्ही तो आधी आणला होता. उद्घाटन झालं, नारळ फुटला, आणि पुढचे चार महिने त्यावर प्लास्टिकचं कव्हर. कारण त्याच्या शेजारी कोण बसणार, हे कुणी ठरवलंच नव्हतं. पावसाळा संपल्यावर कव्हर काढलं तर कीबोर्डवर बुरशी होती.

आता तिथे ऑनलाइनचं टेबल आहे, म्हणजे लोकांच्या शेजारी बसून त्यांना फोनवरची आणि कॉम्प्युटरवरची कामं शिकवायची जागा, आणि ते रोज तीन तास चालतं. ते चालतं ते पोस्टमन, ग्रामपंचायत, सेवा केंद्राचा चालक, कॉलेजची मुलं आणि मुंबईला राहणाऱ्या गावकऱ्यांचं मंडळ यांच्या जिवावर. तुम्ही सुरू करणार असाल तर कुठून धरायचं ते क्रमानं सांगतो.

आधी महिनाभर वही

वाचनालयात सकाळी वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती जी मंडळी बसतात, ती तुमची पहिली माणसं. त्यांना "तुम्हाला इंटरनेट शिकायचंय का?" असं विचारू नका. सगळे "आता या वयात कशाला" म्हणतात. "गेल्या महिन्यात कुठल्या कामासाठी तालुक्याला खेप मारलीत?" असं विचारा. उत्तरं एका वहीत लिहा, मग वही भरते.

आमच्या वहीत आलं ते असं : पेन्शनचा हयातीचा दाखला, सातबारा, महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज, विजेचं बिल, गणपतीची कोकण रेल्वेची तिकिटं, आणि नातवाला व्हिडिओ कॉल. पुस्तकांशी यातल्या एकाचाही संबंध नाही, म्हणून आमच्या एका ज्येष्ठ सदस्यांनी आक्षेप घेतला. तो मी मनापासून ऐकला, कारण त्यामागे वाचनाबद्दलची कळकळ होती. पण रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ साली सुरू झालं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. ज्याला एकट्याला पुस्तक किंवा वर्तमानपत्र विकत घेणं परवडत नाही, त्याला ते गावाच्या वर्गणीतून मिळावं, यासाठीच वाचनालयं निघाली. आज तोच माणूस सरकारी संकेतस्थळापाशी अडतो. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले, त्यातला पाचवा ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, हाच आहे. आमच्या त्या सदस्यांनीच पुढे सातबाऱ्यासाठी ठेवलेला वार सांभाळला.

वहीत माणूस आणि काम यांच्यापुढे तिसरा रकाना ठेवा : काम कुठे अडलं. खरी माहिती तिथेच मिळते. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी २०२५ च्या सप्टेंबरात सुरू झाली, तेव्हा एक काकी भातकापणीच्या आधी वेळ काढून आल्या. आधार क्रमांक टाकला, ओटीपी पाठवला. फोन टेबलावर, आम्ही दोघंही त्याच्याकडे बघतोय. मेसेज काही येईना. मी विचारलं, "काकी, आधारला हाच नंबर दिलाय ना?" त्या म्हणाल्या, "तो नंबर झिलाचो आसा. झील नालासोपाऱ्याक. आता कामार असतलो, फोन उचलूचो नाय." झील म्हणजे मुलगा. त्या दिवशी असे पाच जण परत गेले. कोकणात घरटी एक माणूस मुंबईला, आणि घरातल्या सगळ्यांच्या कागदांवर त्याचाच नंबर. हे कळलं नसतं तर कितीही चांगला कॉम्प्युटर आणून उपयोग नव्हता.

मग माणसं जोडा

पहिला भागीदार पोस्टमन, असं मी म्हणतो तेव्हा लोकांना नवल वाटतं. पण इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत आधारला जोडलेला मोबाईल नंबर बदलण्याची सोय २०२१ पासून पोस्टमनकडे दिलेली आहे. आम्ही पोस्टमास्तरांना भेटलो, वाचनालयाच्या पडवीत महिन्यातून एक सकाळ मागितली. त्यांनी गुरुवार दिला. तेवढ्या एका सोयीनं टेबलावरची निम्मी अडचण मोकळी झाली. तुमच्या पोस्टात हे यंत्र आणि हे काम करणारा माणूस आहे का, एवढं आधी विचारून घ्या.

दुसरा, आपले सरकार सेवा केंद्राचा चालक. नवे कार्यकर्ते इथे हमखास चुकतात. वाचनालयात सगळं फुकट करून द्यायचं ठरवतात आणि गावातल्याच एका होतकरू मुलाच्या पोटावर पाय देतात. मग तो नाराज, त्याचे नातेवाईक नाराज, आणि वार्षिक सभेत विषय निघतो. त्याच्याबरोबर बसून सीमा आखा. उत्पन्नाचा, जातीचा किंवा रहिवासाचा दाखला काढायचा झाला की माणूस त्याच्याकडे जाईल, ठरलेलं शुल्क देईल. घरबसल्या स्वतःच्या फोनवर होण्यासारखं जे आहे, ते वाचनालय शिकवेल. आमचा चालक आता लोकांना स्वतःच पाठवतो : "ह्यां तुमी शिकान घेवा, दर म्हयन्याक माका पैशे कित्याक देतात?"

तिसरी ग्रामपंचायत. तिच्याकडे दोन गोष्टी मागायच्या : जोडणी, आणि ग्रामसभेत पाच मिनिटं. जोडणीचं पुढे सांगतो.

चौथं कॉलेज. राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना कामाचे तास भरायचे असतात आणि त्यांना फोनमधलं सगळं येतं. पण मुलं घाईची असतात. आजोबांच्या हातातून फोन घेतात, सटासट बोटं चालवतात आणि "झालं" म्हणून परत देतात. त्यांना टेबलावर बसवण्याआधी एक तास आपण त्यांना शिकवायचं, ते काय शिकवायचं तेही पुढे येईल.

बँकेला आणि पोलीस ठाण्याला वर्षातून एकेकदा बोलवा, फसवणुकीवर बोलायला. गाव किनाऱ्यावर असेल तर मच्छीमार सोसायटी विसरू नका. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था मासळी कुठे सापडण्याची शक्यता आहे याच्या सूचना देते, हवामान खात्याचे वादळाचे इशारे असतात. हे फोनवर कसं बघायचं ते शिकायला तांडेल मंडळी, म्हणजे होड्यांवरचे प्रमुख, येतात, आणि येतात ती जून-जुलैत, मासेमारी बंद असते तेव्हा. बचतगटांची बैठक वाचनालयात घ्यायला जागा द्या, की बायका आपसूक उंबरा ओलांडतात. आमच्याकडे आधी वाचनालयात बायका यायच्या त्या पोरांना हाक मारायला, बाहेरूनच.

आणि मुंबईचं मंडळ. प्रत्येक वाडीचं असतं. ते गणपतीत भेटतं, मे महिन्यात भेटतं. त्यांच्याकडे पैसे मागण्यापेक्षा एक वेगळी गोष्ट मागा : प्रत्येकानं आपल्या आईवडिलांच्या कागदांवरचा आपला नंबर काढून त्यांचा स्वतःचा घालू द्यावा. आम्ही हे मंडळाच्या सभेत मांडलं, तेव्हा थोडी कुजबुज झाली. "आईला ओटीपी कुणी विचारला आणि तिनं दिला तर?" भीती रास्त होती. म्हणून त्याच सभेत ठरलं की नंबर बदलायच्या आधी त्या आई वाचनालयात दोन वेळा बसतील.

ठराव आणि अर्ध्या पानाचं पत्र

हे लहान काम आहे, पण टाळू नका. कार्यकारी मंडळात ठराव घ्या. प्रत्येक भागीदाराबरोबर अर्ध्या पानाचं पत्र करा : कोण येणार, कुठल्या वारी, किती वेळ, खर्च कुणाचा, किल्ली कुणाकडे. सरपंच बदलतात, पोस्टमास्तरांची बदली होते. पत्र असलं की नव्या माणसाला दाखवता येतं. इंटरनेटची जोडणी वाचनालयाच्या नावावर घ्या, सचिवांच्या नावावर नको. एका ठिकाणी सचिव बदलले आणि नवी समिती आपल्याच जोडणीचा पासवर्ड मागत सहा महिने फिरत होती, हे मी पाहिलं आहे.

जोडणी

ग्रामपंचायतीत आधी चौकशी करा ती भारतनेटची. गावोगावच्या ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची ही केंद्राची योजना २०११ साली मंजूर झाली, २०१५ पासून तिला भारतनेट म्हणतात, आणि आपल्याकडे त्याच कामाचा एक भाग महानेट या नावानं झाला. काही ग्रामपंचायतींत यंत्र भिंतीवर आहे, दिवे लुकलुकतात आणि जोडणी चालते. काही ठिकाणी यंत्र आहे पण त्याचा प्लग कुणीतरी फोन चार्ज करायला काढलेला असतो. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. आमच्याकडे तसंच होतं आणि तो प्लग परत लावल्यावर जोडणी सुरू झाली. वाचनालय ग्रामपंचायतीच्या जवळ असेल तर तिथून केबल ओढण्याची परवानगी लेखी मागा.

ते जमलं नाही तर स्थानिक केबलवाल्याचं किंवा बीएसएनएलचं साधं फायबर घ्या. घेण्याआधी एकच प्रश्न विचारा : पावसात झाड पडून वायर तुटली तर किती दिवसांत येणार, आणि कोण येणार? ज्याचा माणूस गावात किंवा शेजारच्या गावात राहतो त्याला घ्या, वेग थोडा कमी मिळाला तरी. शंभर एमबीपीएसची जाहिरात श्रावणात कामाची नसते.

पीएम-वाणीबद्दलही तुम्हाला कुणीतरी सांगेल. केंद्रीय मंत्रिमंडळानं ९ डिसेंबर २०२० रोजी मंजूर केलेली ही सार्वजनिक वायफायची रचना आहे. पूर्वी एसटीडी-पीसीओचे पिवळे बूथ असायचे, तसं कुठलंही दुकान किंवा संस्था पब्लिक डेटा ऑफिस होऊ शकते. त्यासाठी परवाना लागत नाही, नोंदणीचं शुल्क नाही. लोक ॲपमधून ओळख पटवतात, छोटं पॅक घेतात. हिशेब आणि ओळखीची नोंद एक मधली कंपनी सांभाळते. कल्पना मला आवडते. तरी ड वर्गाच्या, म्हणजे सरकारी वर्गवारीत सगळ्यात लहान, एका माणसाच्या वाचनालयानं पहिल्या वर्षी यात पडू नये असं माझं मत आहे. आधी टेबल चालू द्या. संध्याकाळी बाहेरच्या कट्ट्यावर मुलं अभ्यासाला बसू लागली, की मग याचा विचार करा.

यंत्र, वीज आणि पाऊस

आता कॉम्प्युटर. मुंबईच्या ऑफिसातून निघालेले जुने कॉम्प्युटर मंडळी प्रेमानं पाठवतात. घेताना एक गोष्ट बघा. १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार बंद झाला, आणि बरीच जुनी यंत्रं विंडोज ११ घेत नाहीत. अशा यंत्रात विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली घाला. ते फुकट आहे, मराठी त्यात नीट दिसते, आणि जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी ही वेगवान डिस्क बसवली तर यंत्र पुन्हा तरतरीत होतं. आलेली प्रत्येक वस्तू जडवस्तू नोंदवहीत चढवा, देणगीदाराला पावती द्या. तपासणीच्या वेळी हेच विचारतात.

कोकणात यंत्र मरतं ते दमट हवेनं आणि विजेनं. पावसाळ्यात झाकून ठेवण्यापेक्षा रोज तासभर चालवा, आतल्या उबेनं ओल धरत नाही. भिंतीपासून हातभर लांब ठेवा, कारण चिऱ्याची भिंत पाझरते. मे अखेरीला आणि परतीच्या पावसात ढग गडगडू लागले, की यंत्राचा प्लग काढा आणि राउटरचाही. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी ॲप जवळपास वीज पडण्याची सूचना देतं. ते टेबलावरच्या फोनमध्ये ठेवा, आणि शेतावर जाणाऱ्यांनाही घालून द्या. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. जांभ्याचा कातळ उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरतं राहतं, तेव्हा खड्ड्यात पाणी घालावं लागतं. आणि जागा पुराची असेल तर टेबल वरच्या मजल्यावर. चिपळूणच्या वाचन मंदिरानं २००५ आणि २०२१ असे दोन पूर सोसले, पुस्तकं भिजली. ते आठवलं की आजही पोटात कालवतं.

शेजारी बसणं

खरं काम हे आहे, आणि कॉलेजच्या मुलांना मी सांगतो ते हेच. फोन त्यांच्याच हातात राहिला पाहिजे. आपलं बोट स्क्रीनला लागता कामा नये. "तो हिरवा गोल दिसतोय ना, त्यावर टेकवा. दाबू नका, टेकवा." शेतात राबलेलं बोट जोरात दाबतं, स्क्रीन त्याला वेगळाच अर्थ लावते, आणि माणसाला वाटतं आपल्याकडून काहीतरी बिघडलं. एका बैठकीत एकच काम शिकवा. घरी जाऊन चुकलं तर दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा.

मराठी टंकलेखनात अडकू नका. माईकचं चिन्ह दाखवा आणि बोलायला सांगा. मालवणीत बोललं तर भलतेच शब्द उमटतात, तेव्हा शाळेत बोलायचो तसं बोला, असं सांगावं लागतं. पहिल्यांदा स्वतःचं वाक्य अक्षरात उमटलेलं बघून चेहऱ्यावर जे येतं, त्यासाठी मी हे टेबल चालवतो.

हयातीच्या दाखल्याचं एक सविस्तर सांगतो, कारण आपल्या भागात त्याची अडचण वेगळी आहे. काजूच्या कारखान्यात तीस वर्षं बी फोडलेल्या एक बाई आल्या होत्या. बोटांच्या यंत्रावर अंगठा ठेवला, लाल. दुसरं बोट, लाल. दहाही बोटं झाली. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं, वर्षानुवर्षं तेच काम केलं की बोटांवरच्या रेषा पुसट होतात. त्यांनी हात पदराला पुसले, जणू तो हाताचाच दोष. पण जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला, २०२१ पासून चेहऱ्यावरूनही करता येतं. अँड्रॉइड फोनमध्ये जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी अशी दोन ॲप लागतात. फोन कार्यकर्त्याचा चालतो : त्यानं एकदा स्वतःचा चेहरा देऊन नोंद करायची, मग त्याच फोनवर एकामागून एक पेन्शनर करता येतात. आमचं वाचनालय कौलारू, आत अंधार. ॲप दोनदा नाही म्हणालं. मग बाईंना पडवीत आणलं, उजेडाकडे तोंड करून खुर्चीत बसवलं, मागे पांढरी भिंत. ॲपनं डोळे मिचकवायला सांगितलं, त्यांनी ते अगदी मन लावून मिचकवले. झालं. प्रमाणपत्राचा क्रमांक मेसेजनं आला. त्या म्हणाल्या, "बोटां झिजली, तोंड तरी आसा मा?" आणि किती तरी वेळ तिथेच बसून राहिल्या.

सरकारी पेन्शनरांची गर्दी नोव्हेंबरात होते, ऐंशीच्या पुढच्यांना ऑक्टोबरपासूनच देता येतो. भविष्य निर्वाह निधीचे पेन्शनर वर्षात केव्हाही देऊ शकतात आणि तो दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो, म्हणून त्यांना नोव्हेंबरात बोलावू नका.

सातबाऱ्यासाठी वेगळा वार ठेवा, कारण वेळ जातो. नुसता बघायचा असेल तर पैसे लागत नाहीत, डिजिटल सहीचा हवा तर १५ रुपये. आपल्याकडे एका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस सहहिस्सेदार असतात, नावावरून शोधायला गेलात तर हरवाल. येताना जुना उतारा किंवा गट आणि हिस्सा नंबर घेऊन या, अशी पाटीच लावा. त्या दिवशी भाऊबंदकीही टेबलावर येते. आपण उतारा दाखवायचा, मत द्यायचं नाही.

नोंदवही आणि फसवणूक

नोंदवहीत नाव, वेळ, सही आणि ओळखपत्र पाहिल्याची खूण. आधार क्रमांक लिहायचा नाही, झेरॉक्स ठेवायची नाही, पासवर्ड तर कुणाचाच नाही. सायबर कॅफेंसाठी २०११ चे नियम आहेत, त्यांत ओळख पटवून नोंद किमान एक वर्ष सांभाळायला सांगितलं आहे. वाचनालय धंदा करत नाही, तरी आम्ही तीच शिस्त ठेवतो. प्रत्येक माणूस उठला की ब्राउझर बंद करून त्याची खाती बाहेर पडली का, ते त्याच्यासमोर बघायचं.

भिंतीवर मोठ्या अक्षरात १९३०, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर. पैसे गेल्याचं कळताक्षणी या नंबरवर फोन, मग बँक. जेवढा उशीर, तेवढे ते पैसे पुढे पुढे सरकत जातात. "आज रात्री वीज तोडणार" असा मेसेज, लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये ॲप घुसतं), बँकेतून बोलतोय असा फोन : हे तीन प्रकार फोनवर प्रत्यक्ष दाखवून सांगा. ज्याचे पैसे गेले तो माणूस लाजेनं बोलत नाही. त्याला चारचौघांत काही विचारू नका, आत कपाटापाशी घेऊन जा, पाणी द्या आणि फोन लावून द्या.

वर्षाचं गणित

जूनमध्ये शाळा-कॉलेजचे अर्ज. जून-जुलै तांडेल. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणून गणपतीच्या तारखेवरून मागे मोजून पाटी लावा. नोव्हेंबर पेन्शनरांचा. एप्रिल-मे आंबा-काजूत कुणी येत नाही, तेव्हा टेबल संध्याकाळी सातनंतर उघडा, मुंबईहून आलेली नातवंडं असतात, त्यांना आजीशेजारी बसवा. मार्चअखेर अहवाल लिहिताना किती लोक आले याबरोबर किती जण दुसऱ्यांदा त्याच कामासाठी यायचे थांबले, तेही लिहा. आमच्या वहीत त्या काकींच्या नावापुढे गेल्या मार्चपर्यंत चार सह्या आहेत. त्यानंतर त्या येतात त्या दिवाळी अंक बदलायला.